बांबू कोणत्या विभागात?

आमच्या वरोरा परिसरातल्या एका कोळसा खाणीच्या विस्तारासाठी जनसुनावणी होती. आदल्या संध्याकाळी लगतच्या गावातले चार शेतकरी माझ्याकडे आले. त्यांच्या हातात पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश होता. मूळ अहवाल इंग्रजीत, काही शे पानांचा. सारांश वीस-पंचवीस पानांचा. "भाऊ, तुम्ही पुस्तकं वाचता. यात आमच्या वावराबद्दल काय लिहिलं, तेवढं सांगा," असे म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

पहिल्या दोन पानांतच 'निलंबित कण' भेटले. त्यांचे प्रमाण विहित मर्यादेत राहील, असे आश्वासन होते. एकाने विचारले, "निलंबित झाले म्हणता, मग कापसावर येऊन बसते काहून जी? आमच्याकडचा एक बाबू निलंबित झाला, तो तर घरी बसला होता." आम्ही सगळेच हसलो. पुढे 'अधिभार' आला. अधिभाराची साठवणूक, अधिभाराच्या उतारावर वृक्षारोपण. अधिभार विजेच्या बिलात असतो, एवढे त्यांना ठाऊक होते. त्यावर झाडे कशी लावतात, ते मलाही कळेना. अर्ध्या तासाने उलगडा झाला. कोळशाच्या थरावरची माती आणि दगड उपसून खाणीच्या कडेला जो डोंगर रचतात, त्याला आमच्याकडे लहान पोरही 'ओबी' म्हणते. इंग्रजी शब्दाची ती आद्याक्षरे आहेत हे त्या पोराला माहीत नसते, पण पावसाळ्यात ओबीची माती नाल्यात उतरते आणि नाला वावरात शिरतो, हे माहीत असते. सारांशातला 'अधिभार' म्हणजे ही ओबी.

दुसऱ्या दिवशी मंडपात त्यांच्यापैकी एकाने ध्वनिक्षेपक हातात घेऊन नेमका प्रश्न विचारला: ओबीचे पाणी कोणत्या नाल्यात सोडणार, आणि त्या नाल्याची खोली कोण मोजणार? मंचावरून विचारणा झाली, "अहवालात 'ओबी' असा शब्द कुठे आहे?" मी त्याला 'अधिभार' हा शब्द कागदावर लिहून दिला होता. चष्मा घरी राहिल्याने तो कागद त्याच्या खिशातच होता. पुढे इतिवृत्त हाती आले तेव्हा त्या प्रश्नाच्या जागी एक वाक्य होते: ग्रामस्थांनी प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली.

प्रश्नाची चिंता कशी होते, हा या लेखाचा विषय आहे. भाषांतर वाईट होते, एवढ्यावर तो संपत नाही. १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेनुसार अशा सुनावणीत लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यांवरची प्रकल्पधारकाची उत्तरे यांचे टिपण स्थानिक भाषेतही तयार करावे लागते. म्हणजे कायद्याने जागा ठेवलेली आहे. त्या जागेवर उभे राहून बोलायला जे शिक्षण लागते, ते मात्र आपल्याकडे दोन ठिकाणी वाटून टाकलेले आहे. पाणी, माती, धूळ हे पर्यावरणशास्त्राकडे. अधिसूचना, सुनावणी, इतिवृत्त हे राज्यशास्त्राकडे किंवा लोकप्रशासनाकडे.

या फाळणीचा अनुभव मी घेतला आहे. माझी पहिली पदवी वाणिज्याची. पोट भरतो ते दुकानदारांचे हिशेब लिहून. चाळिशीत बाहेरून समाजशास्त्रात एम.ए. केले आणि आमच्या भागातल्या वनहक्कांवर संशोधन करायचे म्हणून एका विद्यापीठात गेलो. एका विभागाने सांगितले, हा विषय पर्यावरणाचा आहे. पर्यावरणवाल्यांनी विचारले, तुमच्याकडे विज्ञानाची पदवी आहे का? नाव घेण्यात अर्थ नाही, दुसरीकडेही वेगळे घडले नसते. त्या दिवशी परतीच्या एसटीत मला राग आला होता. आता वाटते, त्या दोन्ही खोल्यांतल्या माणसांनी मला माझा विषय सांगितला.

वरोऱ्याच्या माणसाला ही फाळणी मुळात कृत्रिम वाटावी, असा आमचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत सरकारने इथे कोळशाची खाण चालवली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आणला आणि १९०६मध्ये खाण बंद केली. गाव वाढले ते कोळशामुळे. पुढे बाबा आमट्यांनी १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि गावाबाहेरच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहिले. समाजाने टाकलेली माणसे आणि शेतीने टाकलेली जमीन एकाच वेळी हाताळणारा तो उद्योग होता. मूल तालुक्यातल्या सोमनाथला त्यांनी श्रमिक विद्यापीठाची कल्पना मांडली. ऐंशीच्या दशकात इंद्रावतीवरच्या भोपालपट्टणम आणि गोदावरीवरच्या इचंपल्ली धरणांविरुद्ध जे आंदोलन झाले, त्याच्या नावातच जंगल आणि मानव शेजारी शेजारी होते.

*

हे दोन विषय एकत्र शिकवणारे विद्यापीठ जगात कुठे आहे का, असा शोध घेताना मी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पोहोचलो, अर्थात कागदावर. तेही कोळशाचेच राज्य. तिथल्या विद्यापीठाने १९७२मध्ये सार्वजनिक व्यवहार आणि पर्यावरण यांचे एकच विद्यालय काढले. नदीचे पाणी तपासणारा आणि नगरपालिकेचे अंदाजपत्रक वाचणारा विद्यार्थी एकाच इमारतीत. १९७२ हे साल आपल्यालाही आठवते. स्टॉकहोमला पर्यावरणावरची जागतिक परिषद झाली, तिथे इंदिरा गांधी बोलल्या. त्याच वर्षी आपला वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आणि त्याच वर्षी महाराष्ट्र दुष्काळात खडी फोडत होता. दुष्काळातून रोजगार हमी निघाली, कायद्यातून अभयारण्ये निघाली, पण या दोन्हींचा एकत्र विचार करणारी शाळा निघाली नाही.

इंडियानातल्या त्या विद्यालयाशी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचेही नाते होते. त्या मूळच्या राज्यशास्त्राच्या. १९७३मध्ये पती व्हिन्सेंट यांच्यासह त्यांनी तिथे एक कार्यशाळा सुरू केली आणि पुढे या विद्यालयातही त्या प्राध्यापक होत्या. सामाईक कुरण, जंगल, पाणी लोकांच्या हाती दिले की उजाड होते, असे १९६८मध्ये गॅरेट हार्डिन यांनी मांडले होते आणि धोरणकर्त्यांना ते फार सोयीचे वाटले होते. ऑस्ट्रॉमबाईंनी निरनिराळ्या देशांतली उदाहरणे तपासून दाखवले की लोक नियम करतात, पाळतात, मोडणाऱ्याला दंडही करतात. फक्त नियम करण्याचा त्यांचा अधिकार वरच्याने मानला पाहिजे. ऑक्टोबर २००९मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

त्याच्या दोनच महिने आधी, ऑगस्ट २००९मध्ये, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला होता. शंभरएक घरांचे गोंड गाव. दोन्ही बातम्या मी एकाच वहीत चिकटवून ठेवल्या आहेत. ऑस्ट्रॉमबाईंचे नाव त्या गावात तेव्हा कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि त्याने काही अडलेही नाही.

मेंढा गावाची घोषणा महाराष्ट्रभर गाजली: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. माझ्या मते या घोषणेपेक्षा त्या गावचा अभ्यास गट महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे तेवढे लक्ष गेलेले नाही. ग्रामसभा निर्णय घेते, तोही सर्वसहमतीने. अभ्यास गट निर्णय घेत नाही. तो फक्त समजून घेतो. एखादा कायदा, एखादा शासन निर्णय, मधमाश्या न मारता मध कसा काढावा हा प्रश्न. गावातले असतात, बाहेरून मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे मित्र असत, कधी माधव गाडगीळ यांच्यासारखा शास्त्रज्ञ असे. मी दोनदा जाऊन बसलो आहे. मला सगळ्यात नवल वाटले ते तिथल्या शांततेचे: कोणी बोलायला वेळ लावला तर बाकीचे थांबतात. विद्यापीठातल्या चर्चासत्रांत हे मी पाहिलेले नाही. (मला तिथे बोलावतात ते श्रोता म्हणून, हे सांगून टाकतो.)

या गावाने सोडवलेला बांबूचा प्रश्न विस्ताराने सांगण्यासारखा आहे. बांबू हे झाड की गवत? वनस्पतिशास्त्र सांगते, गवत; गहू-ज्वारीच्याच कुळातले. १९२७चा भारतीय वन कायदा 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत २०१७पर्यंत ताडमाड, वेत यांच्यासोबत बांबूही घालत असे. २००६चा वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपजात धरतो आणि गौण वनोपजाची मालकी हक्कधारकाला देतो. एकाच काठीच्या तीन ओळखी झाल्या. झाड मानली तर ती वनखात्याची. गौण वनोपज मानली तर गावाची. २००९ साली हक्क मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो द्यायचा कोणी, यावर गाडे अडले. ज्या जिल्ह्यातला बांबू वर्षानुवर्षे कागद गिरणीकडे गेला, तिथल्या लोकांना तो घरासाठी, कुंपणासाठी निस्तारातून मिळत असे. विकण्याचा हक्क त्यात नव्हता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढा गावात आले आणि परवान्याची पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली. आता ग्रामसभाच परवाना देते.

या प्रश्नाचे उत्तर कोणता विभाग देऊ शकला असता? वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने 'गवत' असे सांगितले असते आणि तास संपला असता. विधी विभागाने १९२७ आणि २००६ची कलमे समोरासमोर ठेवली असती, पण बांबू कोणत्या वयात तोडावा, बेटात किती काठ्या राखाव्यात, हे त्यांना विचारून उपयोग नव्हता. लोकप्रशासनाने परवान्याच्या नमुन्यापर्यंत नेले असते. गावाला हे सगळे एकाच हंगामात हवे होते. बांबू वाट पाहत नाही.

माझ्या जिल्ह्यातले, गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव याहून पुढे गेले, असे मला वाटते. त्यांना २०१२मध्ये सुमारे १,००० हेक्टरांवर हक्क मिळाला. बांबूतून उत्पन्न सुरू झाले, आणि तेंदूपत्ता मात्र ग्रामसभेने बंद केला. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. तो गाव आपण होऊन सोडते, याचे कारण असे की नवी पाने फुटावीत म्हणून झाडे छाटतात आणि रानात आग लावतात. हा निर्णय पर्यावरणाचा की अर्थकारणाचा, हे पाचगावात कोणी विचारले नसावे.

*

आता आपल्या महाविद्यालयांत काय शिकवतात ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय सर्वांना सक्तीने शिकवावा असे सांगितले. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यानुसार पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला, आणि पुण्याचे डॉ. एरक भरुचा यांनी आयोगासाठी पाठ्यपुस्तक लिहिले. आठ घटक, ५० तासिका, १०० गुण. त्यांपैकी क्षेत्रकार्याला ५ तासिका आणि २५ गुण. हेतू चांगला होता. कलाशाखेचा मुलगाही ओझोनबद्दल चार ओळी लिहू लागला, हे मी कमी मानत नाही.

पण मी तो अभ्यासक्रम एखादी कथा वाचावी तसा वाचला: यात पात्रे कोण आहेत आणि कोण काय करते? दुसऱ्या घटकात आदिवासी येतात. लाकूडतोड, खाणी आणि धरणे यांचा जंगलावर आणि आदिवासींवर होणारा परिणाम, असे ते कलम आहे. म्हणजे जंगलासारखेच आदिवासींवरही काहीतरी होते. ते स्वतः काही करत नाहीत. मग व्यक्ती येते: साधनसंपत्ती जपण्यात व्यक्तीची भूमिका, प्रदूषण रोखण्यात व्यक्तीची भूमिका. दिवा बंद करणारी, नळ बंद करणारी ती व्यक्ती. सहाव्या घटकात कायदे आहेत, त्यांच्या अंमलबजावणीतल्या अडचणी आहेत आणि 'जनजागृती' आहे. म्हणजे जनता झोपलेली आहे हे गृहीत धरलेले आहे. आठही घटकांत ग्रामसभा हा शब्द नाही. हा अभ्यासक्रम वनहक्क कायद्याच्या आधीचा, हे खरे. पण ग्रामसभेला जल, जंगल, जमिनीबाबत अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा आहे. शासन आणि व्यक्ती यांच्या मधली जागा रिकामी सोडली आहे आणि आमचे दोन जिल्हे नेमके त्या जागेत राहतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक समूहांचे मापन केले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे आले होते. परीक्षेत एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते, असा विनोद आमच्याकडे झाला. आयोगाने २०२३मध्ये नवा आराखडा काढला आहे. आराखडे बदलतात, क्षेत्रकार्याची वही बांधून देणारे झेरॉक्सचे दुकान तेच राहते.

मराठी साहित्याने ही रिकामी जागा भरली का? मारुती चितमपल्ली यांचे ऋण कोणीही मान्य करील. पक्ष्यांचे, झाडांचे कोश करून त्यांनी मराठीला शब्द दिले. 'निलंबित कण' लिहिणाऱ्या हाताने त्यांचे एक पान जरी वाचले असते तरी त्याला लाज वाटली असती. वनाधिकारी असून ते गोंड, माडिया माणसांकडे शिकायला बसले. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्यांच्या रानात आदिवासी माणूस जाणता म्हणून भेटतो, वाटाड्या म्हणून भेटतो. त्या रानाचा हक्कदार म्हणून तो क्वचितच समोर येतो. हा त्यांचा दोष मानण्यापेक्षा त्यांच्या काळाचा आणि खात्याचा चष्मा म्हणावा. पण त्यांच्यामागून आलेल्या निसर्गलेखनाने चष्मा तोच ठेवला आणि नजर मात्र उसनी घेतली, ही तक्रार मी करतो. आज ताडोबावर दिवाळी अंकांत येणारे लेख पाहा. वाघिणींची नावे असतात, त्यांच्या बछड्यांची संख्या असते. त्या जंगलातून कोणती गावे उठवली, ती कुठे गेली, हे शोधावे लागते.

मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' या बाबतीत वेगळे आहे. समाजशास्त्राचा अभ्यासक आणि कथाकार एकाच माणसात असल्याचा फायदा त्या पुस्तकाला मिळाला, आणि मेंढा महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. माझा आक्षेप पुस्तकाला नाही, वाचकांना आहे. शीर्षकात 'गोष्ट' आहे म्हणून आपण ती गोष्टीसारखी वाचली. 'किती छान गाव' असे म्हणून पुस्तक मिटले. पुण्या-मुंबईच्या वाचकाने सोसायटीच्या सभेत सर्वसहमतीचा प्रयोग केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. आणि मी तरी काय केले? मेंढा माझ्यापासून एका दिवसाच्या अंतरावर, पाचगाव त्याहून जवळ. पण त्या चार शेतकऱ्यांच्या गावात अभ्यास गट नव्हता, आणि सुनावणीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तो असावा असे मला सुचलेही नव्हते. एका संध्याकाळी वीस पाने वाचून अभ्यास होत नाही. शब्द कागदावर लिहून देणे ही शिकवणी झाली. अभ्यास गट असता तर त्या माणसाने 'ओबी' हाच शब्द ठासून वापरला असता आणि इतिवृत्तात तोच लिहा, असे दहा जणांनी म्हटले असते.

२०११मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत सुरू झाले, तेव्हा मला फार आशा वाटली होती. मेंढा गावाच्या हाती परवान्याची पुस्तिका पडली तेच हे वर्ष. ती अजून पूर्ण विझलेली नाही. ग्रामसभांना प्रशिक्षण, वनोपजावर आधारित तंत्रज्ञान असे उपक्रम विद्यापीठाने हाती घेतले आहेत आणि ते महाराष्ट्रातल्या इतर विद्यापीठांत सहसा दिसत नाहीत. पण प्रशिक्षणात शिकवणारा एका बाजूला असतो आणि शिकणारा दुसऱ्या. ग्रामसभेच्या नोंदवहीवर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा आणि तपासायला त्याच ग्रामसभेचा एक सदस्य बसावा, एवढी उलथापालथ विद्यापीठाच्या नियमांत बसेल का, हे मला पाहायचे आहे. पाचगावने तेंदू सोडल्यावर रानातल्या आगी किती कमी झाल्या, हे मोजायला वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी लागेल. तो ठराव कसा झाला, किती बैठका लागल्या, हे लिहायला राज्यशास्त्राचा. दोघांना एकाच मार्गदर्शकाखाली पाठवता येत नसेल, तर निदान एकाच मोटरसायकलवर पाठवावे.

माझी भाची जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पर्यावरणाच्या क्षेत्रकार्यासाठी वर्गातल्या बहुतेकांनी बागेला भेट दिली आणि पाने वाळवून चिकटवली. तिने घराच्या गच्चीवर पांढरे कापड पसरले, पंधरा दिवस रोज सकाळी त्यावरची काळी भुकटी चमच्याने गोळा करून काचेच्या बरणीत भरली आणि खालच्या रस्त्याने जाणारे कोळशाचे ट्रक एका तासात किती, ते लिहून ठेवले. ट्रकवर ताडपत्री असावी अशी अट कुठे नोंदली आहे का, हे विचारणारा माहितीच्या अधिकारातला अर्जही तिने टाकला आणि त्याची प्रत वहीला जोडली. सरांनी वही चाळून विचारले, "हे पर्यावरणात बसते की राज्यशास्त्रात?"

ती माझ्याकडे आली. "मामा, अर्जाची प्रत काढून टाकू का? बाकीचं चालते म्हणाले सर."

वही आज माझ्या टेबलावर आहे, बरणीसकट. अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. वही जमा करायची मुदत दिवाळीच्या सुट्टीनंतरची आहे.